फुंकणी आणि भाता

“वहिनी, तुम्हीच सांगा आता. फुंकणी का भाता?”

दस्तगीर मिस्त्रींनी हात पुसलेला फडका खांद्यावर टाकला आणि यांच्याऐवजी माझ्याकडं बघितलं. कराडजवळच्या त्यांच्या शेडमध्ये गोणपाटावर दोन टर्बो मांडले होते. दोन्ही गोगलगायीसारखे वेटोळे घातलेले. एक नारळाएवढा, दुसरा कळशीएवढा. शेजारी आमची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती.

“तिला काय विचारताय?” हे म्हणाले. “गाडी मी चालवतो.”

“आणि थांबवून कोण धरतं?” मी म्हणाले.

मिस्त्री हसले. हे हसले नाहीत.

हे म्हणजे माझे यजमान, हणमंत. आमची टोचनची गाडी होती. घाटात कुणाचं इंजिन बसलं, गिअर तुटला, की आम्हाला फोन यायचा. बंद पडलेली गाडी लोखंडी दांड्यानं आमच्या मागं अडकवायची आणि चिपळूणच्या बाजूनं घाट चढवून वर आणायची, हे आमचं काम. गाडी लष्कराच्या लिलावातली, वयानं माझ्याहून मोठी. आमचा क्लीनर दुबईला गेला तेव्हा आठवडाभर म्हणून मी गाडीत चढले होते. ती अकरा वर्षं उतरले नाही.

माझ्याकडं ठोकळ्यांचं काम. बाभळीचे दोन ठोकळे, त्यांना हातभर लांबीच्या लोखंडी मुठी. भरलेली गाडी चढावर थांबली की मी उडी मारून उतरायची, मागच्या चाकांमागं ठोकळे लावायचे. परत निघताना हे वरून ओरडायचे, “सोडतो गंऽ!” इंजिन गरजलं की मी मोजायला लागायची. एक, दोन. चाक पुढं सरकलं की ठोकळा उचलायचा आणि चाकाच्या मागं मागं चालत राहायचं. गाडीनं दम सोडलाच, तर परत चाकाखाली घालायला ठोकळा हातात तयार हवा. इंजिन गरजल्यापासून चाक हलेपर्यंत किती वेळ जातो, हे स्टिअरिंगवरच्या माणसाला कळत नाही. तो क्लचच्या नादात असतो. ते मागच्यालाच कळतं, कारण तेवढा वेळ वीस-पंचवीस टन वजन त्याच्या अंगावर यायचं का नाही याचा विचार करत असतं.

आमच्या गाडीची मोजणी अकरा वर्षं दोनवर होती. आषाढात ती बिघडली.

घाटाच्या मध्यावर वाघजाईचं वळण आहे. सगळ्यात उभा चढ तिथंच. बंद पडलेली गाडी तिथून ओढून नेताना तिच्या ड्रायव्हरनं उतरून देवीला नारळ फोडायचा, अशी आमच्या घाटातली रीत. गाडी गेली तर गेली, माणूस राखलास, एवढंच सांगायचं. त्यामुळं प्रत्येक खेपेला आम्ही तिथं थांबायचोच. त्या दिवशीही थांबलो. नारळ फुटला, हे ओरडले, मी मोजायला लागले. दोन झाले, तीन झाले, पाचपर्यंत गेले, आणि चाक पुढं जायच्या ऐवजी मागं आलं. ठोकळा ओल्या रस्त्यावरून वीतभर घसरला आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर येऊन थांबला. चपलेच्या पुढं दोन बोटांवर टायर होता. मी बसकण मारली. मग उठून हात केला, सोडा म्हणून. दुसऱ्या खेपेला गाडी कशीबशी निघाली आणि वर हेळवाकला पोचून पुरतीच बसली. पिस्टन वितळला होता.

घरी यांनी पाय बघितला तेव्हा मी म्हणाले, ठोकळा उचलताना पायावर पडला. “बघून उचलत जा की,” एवढं म्हणून हे बाहेर निघून गेले. नख गेलं, पंधरा दिवस मी लंगडत होते. खरं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर यांनी मला घरी बसवलं असतं. आणि मला घरी बसायचं नव्हतं. पण परत पाचपर्यंत मोजायची पाळी आली, तर या वेळी फक्त नखावर भागणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

म्हणून त्या दोन टर्बोंपैकी कुठला बसतोय, याच्याशी गाडी चालवणाऱ्यापेक्षा माझा संबंध जास्त होता.

“परत एकदा सांगा मिस्त्री,” मी म्हणाले.

दस्तगीर मिस्त्रींना सांगायला आवडायचंच. “टर्बोचं काम काय? इंजिनला जादा हवा द्यायची. हा बारका म्हणजे फुंकणी. फुंकली की लगेच हवा. पण फुंकणीवर चूल पेटती, लोहाराची भट्टी पेटत न्हाई. आपल्या गाडीला आजवर फुंकणीच हुती. निम्म्या घाटानंतर हवा पुरायची न्हाई, नुसतंच डिझेल जळायचं, इंजिन तापायचं. त्यातनंच पिस्टन गेला. आता हा मोठा. ह्यो भाता. हवा म्हणाल तेवढी, पण भरायला वेळ घेतो.”

“मग?”

“मग माझं म्हणणं, दोन्ही बसवा. एकाला एक जोडायचे. गाडी उठताना फुंकणी हवा देती, तवर भाता भरतोय. एकदा भाता भरला की पुढचा घाट त्येच्यावर. उठायलाबी जोर, चढायलाबी जोर.”

“दोन्हीच बसवा,” मी म्हणाले.

“नको,” हे म्हणाले. “दोन टर्बो म्हणजे दुप्पट नळ्या, दुप्पट सांधे. भर घाटात एक नळी सुटली की गाडी जाग्याव उभी. मोठा एकच बसवा.”

“अवो, सांधे मी करणार हाय,” मिस्त्री जरा दुखावलेच. “माझा सांधा कवा सुटलाय?”

“उठताना वेळ लागेल त्याचं काय?” मी विचारलं.

“उठायचंच कशाला?” यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “गाडी थांबलीच न्हाई, तर उठायचा प्रश्न येतोय कुठं?”

मला हसू आलं आणि रागही आला. चिपळूणच्या एका टोचनवाल्यानं त्याच वर्षी डंपरचा मोठा टर्बो बसवला होता. त्याची शिट्टी दोन वळणं आधी ऐकू यायची आणि चहाच्या टपरीवर सगळे ड्रायव्हर तिच्याविषयी बोलायचे. मला वाटलं, यांना तसली शिट्टी हवी आहे. पुरुषमाणूस पन्नाशीला आला तरी त्याला वाजणारं खेळणं लागतं. मी तसं बोलूनही दाखवलं. यांनी गोणपाटावरचा मोठा टर्बो उचलून मिस्त्रींच्या हातात दिला. माझा हट्ट मोडायचा असला की हे असेच गप्प राहतात. त्या गप्प राहण्याशी भांडता येत नाही.

मोठा टर्बो बसला. दहाव्या दिवशी आम्ही गाडी चालवून बघायला घाटात गेलो. ओळखीच्या एकाचा खडीनं भरलेला ट्रक मागं जोडला, मिस्त्री आमच्यात बसले, आणि पायथ्यापासून चढायला सुरुवात केली.

खरं ते सांगितलं पाहिजे. गाडी अशी चढली की मी अकरा वर्षांत बघितली नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जायची ती तिसऱ्यात निघाली. तापमानाचा काटा अर्ध्यावरून हलला नाही. शिट्टी तर अशी वाजत होती की माकडं कठडा सोडून झाडावर पळाली. मिस्त्री स्वतःच्या मांडीवर थाप मारत होते. वाघजाईचं वळण आलं.

“थांबवून बघूया की,” मी म्हणाले.

“खोललेलं इंजिन हाय,” हे म्हणाले. “पहिली खेप झाल्याबिगर देवीपुढं थांबवत न्हाईत. तुला म्हाईत न्हाई?”

मला माहीत होतं. इंजिन खोलल्यावर पहिल्या खेपेचा नारळ देवीचा, त्याआधी तिच्या दारात नुसतं उभं राहायचं नाही. मी हात जोडले आणि गप्प बसले. चूक झाली ती इथं, आणि ती तिघांची मिळून झाली. देवीपुढं नको तर पुढच्या वळणावर थांबवा, एवढं म्हणायला कुणाचं काय जात होतं? पण घाटात थांबायचं ते वाघजाईला, हे आमच्या डोक्यात इतकं बसलेलं की दुसरीकडं कुठं थांबून बघावं, हे कुणालाच सुचलं नाही. बिनथांबा घाट चढून आम्ही वर आलो आणि पेढे वाटले.

घरी आल्यावर हे म्हणाले, “आता ठोकळ्यांची गरज न्हाई. खाली पायथ्यालाच ड्रायव्हरकडनं नारळ फोडून घ्यायचा, आणि थेट वर. तू घरी राहा.”

“म्हणजे माझं काम संपलं?”

“संपलं.”

“अकरा वर्षं केलं ते?”

“केलंस की. आता बस जरा निवांत.”

त्या दिवशी मला फार लागलं. आमटीत मीठ घातलं नाही, आणि यांनी ती तशीच खाल्ली तेव्हा आणखी राग आला. माणसानं निदान भांडावं तरी.

चार दिवसांनी पहिली खेप आली. पायथ्याशी चिऱ्यांचा ट्रक बंद पडला होता. चिरा म्हणजे कोकणातला तांबडा दगड, एक उचलायचा तर कमरेतून वाकावं लागतं. असे तीनेकशे भरलेले. सकाळी दहाची वेळ. हे गाडीत चढले तर मी आधीच सीटवर बसलेली होते, पायाशी दोन्ही ठोकळे.

“उतर.”

“न्हाई.”

“मालन, उतर म्हणतोय ना.”

“पहिली खेप हाय. देवीला हात जोडायला तरी येऊ दे. धावत्या गाडीतनं जोडते.”

यांनी दार आपटलं आणि गाडी पायथ्याकडं काढली.

चिऱ्याच्या ट्रकचा ड्रायव्हर घाग म्हणून होता, चिपळूणकडचा, साठीला आलेला, पांढऱ्या मिशांचा. यांनी त्याला नीट बजावलं. नारळ इथंच फोडा. वर वळणावर थांबायचं नाही. तुम्ही तुमच्या गाडीत बसून नुसतं स्टिअरिंग सांभाळा.

“हयसर फोडायचा? पायथ्याला?” वाघजाईला बाय म्हणणाऱ्या घागांना ते पटत नव्हतं. “बाय काय म्हणेल?”

“बाय काय म्हणत न्हाई. तिला खालीबी दिसतंय,” हे म्हणाले.

घागांनी दगडावर नारळ फोडला, वरच्या दिशेनं हात जोडले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. टोचन जोडलं. आमच्या गाडीच्या हवेचा पाइप त्यांच्या गाडीला जोडला, म्हणजे त्यांचे ब्रेकही चालू राहतात. निघालो. वळणामागून वळण मागं पडत गेलं. शिट्टी वाजत होती. यांचा चेहरा सैल झाला होता, आणि खरं तर मलाही वाटायला लागलं की यांचंच बरोबर होतं, मी उगीच अडून बसले.

वाघजाईचं वळण आलं. मी हात जोडले. आणि मागून असा हिसका बसला की माझं कपाळ काचेला लागलं.

घागांनी ब्रेक मारला होता. मुद्दाम नाही. बेचाळीस वर्षं ते त्या रस्त्यानं गाडी नेत होते, आणि देवळाचा भगवा दिसला की त्यांचा पाय ब्रेकवर जायचा. डोक्याला सांगितलेलं पायाला कळलं नाही.

दोन्ही गाड्या भर चढावर उभ्या राहिल्या.

“मालन, उतरायचं न्हाई!” हे ओरडले. पण माझाही पाय माझ्या सांगण्यात नव्हता. मी तोवर खाली होते. एक ठोकळा डाव्या चाकामागं घातला, वाकून दुसरा उजव्यामागं. यांनी आरशात बघेपर्यंत मी दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, चाकाला खेटून बसलेली. यांना मी दिसले नसणार. मी दारातच असेन असं वाटलं असणार. त्यांनी इंजिन गरजवलं.

एक. दोन. तीन. काळा धूर निघाला, देऊळ दिसेनासं झालं. चार. पाच. टर्बो खाली नुसता पुटपुटत होता. भाता भरत नव्हता. सहा. चाक वीतभर पुढं सरकलं, मी ठोकळा उचलून पुढं सरकवला. सात, आणि इंजिनाचा आवाज बसला. चाक मागं आलं. ठोकळ्यावर धप्पकन आदळलं, ठोकळा करकरत रस्त्यावरून घसरला. मी मूठ सोडली आणि मागं कलंडले. ठोकळा घसरत घसरत थांबला. माझ्या पावलापासून तो किती लांब होता ते मी बघितलं नाही.

इंजिन बंद झालं. एकदम सगळं शांत. देवळातली लहान घंटा वाऱ्यानं वाजत होती.

हे धावत मागं आले. मी रस्त्यावर बसलेली बघून तेही खाली बसले. माझा डावा पाय हातात घेतला, चप्पल काढली आणि अंगठ्याकडं बघायला लागले. नख वाकडंतिकडं उगवलं होतं.

“ठोकळा पडला हुता व्हय ह्याच्यावर?” हे म्हणाले.

मी पाय ओढून घ्यायला लागले, यांनी सोडला नाही.

“आरशात बघितलं मी, मालन. आषाढात. चाक तुझ्या पायाशी आलं आणि तू खाली बसलीस. मला वाटलं, गेला पाय. मग तू उठलीस आणि हात केलास. सोडा म्हणून.” यांनी अंगठ्यावरची माती पुसली. “मी सोडली बी.”

“मग बोलला का न्हाईत?”

“काय बोलू? तूच म्हणालीस ठोकळा पडला. बोललो असतो तर परत क्लच सोडायला हातपाय चालले नसते माझे. म्हणलं, आता अशी गाडी करायची की ती घाटात थांबायचीच न्हाई. थांबली न्हाई तर तू उतरणार न्हाईस. दोन टर्बोचे चार सांधे जास्ती, त्यातला एक सुटला तर थांबल, म्हणून मोठा एकच घेतला. शिट्टीसाठी न्हाई घेतला.”

मला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही मिळून काहीतरी विचित्र आवाज निघाला. घाग उतरून आले होते. त्यांना वाटलं मला लागलंय. “वहिनी, माजाच चुकला, माजाच चुकला,” असं म्हणत ते बिचारे स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागले.

“अहो, मी पण त्याच्यासाठीच दोन मागत होते,” मी यांना म्हणाले. “गाडी थांबणार न्हाई, असं कुठं असतंय का? कुणाचा तरी पाय ब्रेकवर जाणारच. थांबली की उठली पाहिजे. लगेच उठली पाहिजे. मला पाचपर्यंत मोजायला लागू नये, एवढंच पाहिजे हुतं मला.”

“पाय दुखतोय का?”

“न्हाई.”

“मग वर जा. देवळाच्या कट्ट्यावर बस. तू तिथं बसल्याशिवाय मी चावीला हात लावणार न्हाई.”

या वेळी मी ऐकलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी गाडीच्या मागं नव्हते, पुढं होते, आणि तिथून हे काच पुसताना दिसत होते.

गाडी तर निघायला हवी होती. आमच्या मागं एसटी थांबली, तिच्यामागं दुधाचा टेम्पो, आंब्याच्या रोपांचा छोटा ट्रक. कंडक्टरनं उतरून चौकशी केली आणि एसटीत जाऊन तो काय बोलला कोण जाणे, पंधरा-वीस माणसं खाली उतरली. घागांच्या गाडीतले चिरे उतरवायला सुरुवात झाली. आधी आमच्या आणि त्यांच्या सगळ्या चाकांमागं दोन दोन चिरे. मग उरलेले देवळाच्या बाजूला रचायचे. शर्ट काढून ठेवलेला एक शिक्षक होता, लग्नाला निघालेले दोन भाऊ होते, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. तांबडी माती सगळ्यांच्या अंगाला. निम्मी गाडी रिकामी व्हायला तास लागला.

मग मी कट्ट्यावरून मोजलं. चारला गाडी हलली. मागं कुणी नव्हतं, नुसते दगड होते. गाडी वळण चढून वर गेली आणि एसटीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या छातीवरून कुणीतरी मोठा चिरा उतरवला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी घागांनी येऊन उरलेले चिरे नेले, पण वीस तिथंच ठेवले. “बायच्या कट्ट्याला होतील,” म्हणाले. “माजा पाय बायनंच थांबवल्यान.” त्या चिऱ्यांचा तांबडा कट्टा अजून तिथं आहे.

आम्ही मिस्त्रींकडं गेलो तेव्हा हे शेडच्या दारातूनच म्हणाले, “दोन्ही बसवा. आणि सांधा सुटला तर तुमची गय न्हाई.”

दस्तगीर मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले.

तीन आठवडे लागले. नळ्या वाकवल्या, जोडल्या, काढल्या, परत जोडल्या. लहान टर्बो इंजिनाला खेटून, मोठा त्याच्या डोक्यावर, मधे हाताएवढे जाड पाइप. मिस्त्री प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी सोडून फुगे येतात का बघत होते. शेवटी तोच खडीचा ट्रक मागं जोडला आणि आम्ही घाटात आलो. आमची अट ठरली होती. दोन टर्बो माझ्या मनासारखे. मी उभी राहायची ते यांच्या मनासारखं. म्हणजे ठोकळे लावून झाले की रस्त्याच्या कडेला लांब, डाव्या आरशात पूर्ण दिसेन अशी, आणि मी हात केल्याशिवाय यांनी क्लच सोडायचा नाही.

या वेळी इंजिन खोललेलं नव्हतं, त्यामुळं वाघजाईच्या वळणावर, कट्ट्याच्या जरा पुढं, मुद्दाम थांबलो. मी नारळ फोडला. ठोकळे लावले, तांबड्या कट्ट्याजवळ जाऊन उभी राहिले. दस्तगीर मिस्त्री गाडीतून अर्धे बाहेर वाकून बघत होते. यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. मी हात केला.

“सोडतो गंऽ!”

इंजिन गरजलं. मी म्हणाले, “एक,” आणि ‘दोन’साठी तोंड उघडलं, तर चाक ठोकळ्यापासून चांगलं हातभर लांब गेलं होतं. धूर नाही, कण्हणं नाही. लहानशी शिट्टी, मग तिच्यातून मोठी शिट्टी, आणि गाडी वळण घेऊन चढायला लागली. मी तिथं उभीच. दोन ठोकळे रस्त्यावर पडलेले, आणि मी एकटीच मोठ्यानं ओरडत होते, “एक! एकच झाला! अहो, एकच!”

पुढच्या वळणावर यांनी गाडी परत थांबवली. मी ठोकळे घेऊन पळत पोचले. परत एक. त्याच्या पुढच्या वळणावर परत. माथ्यापर्यंत नऊ वळणं, नऊही वळणांवर हे थांबले. मिस्त्री म्हणायला लागले, “बास की हणमंतराव, ब्रेक जळतील,” पण हे ऐकायला तयार नव्हते. नवव्या वळणावर माझे पाय लटपटत होते, घामानं पोलकं भिजलं होतं, आणि मी कधी नव्हे इतकी खूश होते.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. मिस्त्रींचा सांधा दोनदा सुटला, आणि दोन्ही वेळा पाटणला सपाट रस्त्यावर, वडापावच्या गाडीसमोर. हे अजूनही ते त्यांना ऐकवतात. पुढं चार वर्षांनी आम्ही वजन आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा बसवली. ठोकळे घरी आले. एकावर मी धुणं आपटते, दुसऱ्यानं मागचं दार उघडं राहतं.

मी मात्र गाडीतच असते, यांच्या शेजारी. वाघजाईला थांबतो, ड्रायव्हरचा नारळ होतो, मी हात जोडते. मग हे इंजिन गरजवतात, आणि क्लच सोडायच्या आधी त्यांची मान डाव्या आरशाकडं वळते. तिथं मोकळा रस्ता असतो.

“मी इथं हाय,” मी म्हणते.

“बघितलं,” हे म्हणतात, आणि मग सोडतात.